मीटरबाईंनी न केलेली सही

विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात, तळमजल्यावरच्या जिन्याखालच्या लांबट खोलीत, एक बाई एकोणतीस वर्षं सोल्डरिंग करत होत्या. दारावर ‘वरिष्ठ तंत्रज्ञ’ अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. सगळे त्यांना मीटरबाई म्हणत. मल्टीमीटरची दोन टोकं टेकवली की सर्किटमध्ये दम आहे की नाही ते कळतं, तसं नुसत्या नजरेनं आपल्याला माणसातलं कळतं, असं बाईंचं स्वतःबद्दल मत होतं. आणि बहुतेक माणसांत त्यांना दम सापडत नसे.

प्राध्यापकांना तर त्यांनी केव्हाच भंगारात काढलं होतं. प्लग लावलेला नाही हे न बघता ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून हे लोक धापा टाकत जिना उतरणार, बाईंनी प्लग लावून दिला की वर जाऊन त्याच यंत्रावर चाळीस पानं लिहिणार, आणि त्या चाळीस पानांसाठी विमानानं कुठंतरी जाऊन टाळ्या घेऊन येणार. बाई तोंडानं काही बोलत नसत. चष्म्यावरून एकदा बघत आणि पुन्हा सोल्डरिंगच्या कामाला लागत. ते बघणं पुरेसं असे. कित्येक प्राध्यापक त्या खोलीत यायचं टाळून स्क्रू-ड्रायव्हर बाजारातून विकत आणत.

घरी त्यांची नणंद होती. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला आणि मधला माणूस उठून गेल्यावर बाकाच्या दोन टोकांना दोघी उरल्या. नणंदेनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली होती; आता ती अडुसष्टची होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर घेऊन चाले. बरोबर निघालेला माणूस काम उरकून परत फिरला तर त्याला ती अर्ध्या वाटेत भेटावी, अशी तिची चाल. जीभ मात्र ऑपरेशनच्या आधी होती तशीच धडधाकट होती. बाई तिला वन्सं म्हणत, अहोजाहो करत, आणि मनातून तिलाही भंगारातच धरत. दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या चालीरीतींना नावं ठेवणारी म्हातारी, एवढाच त्यांच्या लेखी तिचा उपयोग होता.

त्या वर्षी विद्यापीठात ‘शहाणा चौक’ नावाचा प्रकल्प निघाला. चार विभाग एकत्र आले की अक्कल चौपट होते असा वरच्या मंडळींचा समज असल्यामुळे त्यात चार प्राध्यापक होते. इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख, संगणकशास्त्राच्या मॅडम, नगररचनेचे एक गृहस्थ आणि चौथे तंत्रज्ञानाच्या नीतिशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना बाई नीतीवाले म्हणत. नगररचनेचे गृहस्थ चौकाची इतकी सुंदर चित्रं काढत की त्यात राहायला जावंसं वाटे. त्या चित्रांत झाडं हिरवीगार, रस्ते स्वच्छ आणि माणसं सगळी सडपातळ, तिशीच्या आतली, खांद्याला पिशवी लावून भराभर चालणारी. नीतीवाल्यांचा आवाज मऊ होता आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ‘संवाद’ हा शब्द असे. मात्र समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

कल्पना अशी होती : चौकातल्या खांबावर एक डबा लावायचा. डब्याला चेहरे दिसत नाहीत, अंगाची ऊब तेवढी दिसते. झेब्रा पट्ट्यांवर कितीजण आहेत ते डबा मोजणार आणि त्याप्रमाणे हिरवा सिग्नल किती वेळ ठेवायचा ते ठरवणार. गर्दी असली तर जास्त वेळ, आणि पट्ट्यांवर कुणीच नसलं तर लगेच बंद, म्हणजे गाड्या उगाच खोळंबायला नकोत.

डबे बनवले बाईंनी. सहा डबे, प्रत्येकात चौऱ्याऐंशी जोड, एकही जोड कच्चा नाही. डब्याच्या पोटाला त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक बारीकसा लाल दिवा बसवला होता. माणूस मोजला गेला की तो एकदा लुकलुके. कॉरिडॉरमध्ये डबा टांगून बाई त्याच्यासमोरून चाळीस वेळा ये-जा करत चालल्या, दिवा चाळीस वेळा लुकलुकला. बाईंनी चाचणीच्या कागदावर सही केली. बैठकीत नीतीवाले उठून म्हणाले, “हा डबा कुणालाही ओळखत नाही. नाव नाही, चेहरा नाही. तंत्रज्ञानानं माणसाचा मान कसा राखावा याचा हा वस्तुपाठ आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दाराशी उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, या माणसाला डबा उघडून दाखवला तर त्याला बॅटरी कुठली तेही सांगता यायचं नाही.

पहिला डबा विद्यापीठासमोरच्या चौकात लागला. बाईंचं घर त्याच चौकापलीकडे होतं.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, नणंद डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. हिरवा दिवा लागला, ती पट्ट्यांवर उतरली. रस्ता निम्मा पार झाला नाही तोच दिवा लाल. दोन्हीकडून गाड्या सुटल्या, हॉर्न सुरू झाले, आणि पार्सल पोचवणाऱ्या एका मोटारसायकलचा आरसा तिच्या वॉकरला लागला. ती भर रस्त्यात बसली. डावं मनगट मोडलं.

बाई धावत दवाखान्यात पोचल्या तेव्हा नणंदेच्या हाताला प्लास्टर चढत होतं.

“तुझ्या डब्याला मी दिसत नाही,” ती पहिल्यांदा हेच म्हणाली.

“वन्सं, डब्याला सगळे दिसतात. मी स्वतः तपासलाय. तुम्हीच रेंगाळला असाल.”

“रेंगाळले? अगं, मी चालते त्याला तू रेंगाळणं म्हणतेस?” नणंद प्लास्टर लावणाऱ्याकडे वळली. “ऐकलंत? डबा आणि ही एकाच शाळेत शिकलेत.”

बाईंना हे झोंबलं. एकोणतीस वर्षांत त्यांच्या जोडकामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवलं कुणी, तर फोनच्या तारा इकडच्या तिकडे खोचण्यात जन्म घालवलेल्या म्हाताऱ्या बाईनं. म्हातारीला आकडेच दाखवायचे, असं ठरवून त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हातात दाबायचं मोजणीयंत्र घेतलं आणि चौकात जाऊन उभ्या राहिल्या. हा उद्योग नणंदेला खोटं पाडण्यासाठी होता; चांगुलपणा वगैरे काही नव्हता.

पहिल्या दिवशी बाईंची मोजणी आणि डब्याची नोंद जुळली नाही. डब्यानं तेवीसजण कमी मोजले होते. आपलंच बोट चुकलं असेल म्हणून त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. पुन्हा एकोणीस कमी. तिसऱ्या दिवशी मोजणं सोडून त्यांनी नुसतं डब्याच्या पोटाच्या दिव्याकडे बघितलं. मुलंमुली धावत गेली, दिवा पोपटासारखा बोलत होता. काठी टेकत एक गृहस्थ गेले, दिवा गप्प. नुकतं चालायला लागलेल्या मुलीचं बोट धरून एक बाई गेली, गप्प. मग एकट्यानं कपाट ढकलत नेणारा एक हमाल पट्ट्यांवर आला आणि मध्यावर पोचला तोवर त्याच्यासाठी लागलेला हिरवा दिवा विझला. तो कुणाला तरी शिवी देत पळाला. ती शिवी आपल्याला आहे हे बाईंना कळलं.

चौथ्या दिवशी बाईंनी नणंदेचा वॉकर उचलला.

“कुठं नेतेस? मला लागतो ना तो!”

“दुपारी आणून देते.”

चौकात हिरवा दिवा लागल्यावर त्या वॉकर पुढं टाकत चालल्या. नणंद चालते तसं : वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा, मग क्षणभर थांबून श्वास. त्या घाई करणाऱ्या बाई होत्या. असं चालणं त्यांना नुसतं बघवतही नसे. मानेला ताण देऊन त्यांनी वर पाहिलं. स्वतःच्या हातानं बसवलेला दिवा, स्वतःच्या हातानं जोडलेल्या डब्याच्या पोटाला, मेल्यासारखा पडला होता. नऊ सेकंदांनी सिग्नल लाल झाला. बाई रस्त्याच्या मधोमध होत्या. एका गाडीवाल्यानं काच खाली करून “मरायचंय का?” असं विचारलं. पाठीमागून आणखी चार हॉर्न लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे कुणीतरी तसं बघत होतं, जसं त्या इतरांकडे बघत आल्या होत्या. त्यांनी वॉकर उचलून धूम ठोकली असती तर दोन ढांगांत पलीकडे पोचल्या असत्या. पण त्या तशाच, वॉकर पुढे, एक पाय, दुसरा पाय करत गेल्या, आणि पलीकडच्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग मोजणी पुन्हा सुरू झाली आणि एकूण अकरा दिवस चालली. बाईंच्या वहीत तीन हजार आठशे शेहेचाळीस माणसं, डब्याच्या नोंदीत तीन हजार सहाशे अकरा. दोनशे पस्तीस माणसं रस्त्यावर होती आणि नव्हती.

वही घेऊन त्या संगणकाच्या मॅडमकडे गेल्या. मॅडमनी वही बघितली आणि जराही न गडबडता सांगितलं, “हो, ते मी केलंय. परीक्षण समिती येणार होती ना, त्याआधी डबा तापलेल्या कचराकुंडीला माणूस समजत होता. उभ्या गाडीचं इंजिनसुद्धा मोजत होता. म्हणून मी किमान वेग ठरवून दिला. त्याहून हळू जे काही असेल ते वस्तू धरायचं.”

“वस्तू.”

“म्हणजे पार्श्वभूमी. खांब, कुंडी, असलं काहीतरी.”

“आणि माझी नणंद.”

मॅडम हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. “बाई, हे सहाच टक्के आहेत. एकूण अचूकता चौऱ्याण्णव टक्के येते. या विषयात चौऱ्याण्णव म्हणजे फार झालं हो.”

विभागप्रमुखांनी “पुढच्या आवृत्तीत बघू” म्हटलं. नगररचनेच्या गृहस्थांनी हळू चालणाऱ्यांसाठी पुढच्या वळणावर पादचारी पूल असल्याची आठवण करून दिली. त्या पुलाला बेचाळीस पायऱ्या होत्या. त्यांच्या चित्रात त्या मोजता येत नसत. नीतीवाले मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांचे डोळे ओलावले होते.

“हे फार मोलाचं आहे, बाई. यावर आपण परिसंवाद घेऊ या.”

“आधी डबा बंद करा.”

“बंद करणं म्हणजे संवाद थांबवणं झालं.”

“सर, उद्या तिथं माणूस मरेल.”

“अगदी बरोबर! नेमका हाच प्रश्न परिसंवादात मांडायचा,” असं म्हणून त्यांनी तो लिहून घेतला.

बाई जिना उतरल्या. त्यांना राग येत होता, पण नेहमीचा गोड राग येत नव्हता. या चौघांना तुच्छ लेखायला आजवर मजा येई, कारण त्या स्वतः त्या रांगेत नव्हत्या. आता होत्या. कॉरिडॉरमध्ये चाळीस फेऱ्या मारताना एक तरी फेरी हळू मारावी, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडमनी किमान वेग ठरवल्यावर डबा पुन्हा तपासावा, हेही नाही. आणि रोज सकाळ-संध्याकाळ वॉकरचा खडखड आवाज घरात ऐकत होत्या.

महिन्याभरात नगरपालिकेनं आणखी तीस चौकांत डबे लावायचं मनावर घेतलं. त्यासाठी एक लांबलचक अर्ज होता, आणि त्यातल्या चौदाव्या रकान्यात, डबा ज्यांनी बनवून तपासला त्या तंत्रज्ञाची सही हवी होती. कागद खाली आला आणि कोराच वर गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा कागद घेऊन विभागप्रमुख स्वतः जिना उतरले.

“बाई, नुसती सही तर आहे.”

“नुसती असती तर तुम्ही खाली आला नसता.”

“चार विभागांचं काम अडलंय. कुलगुरू विचारतायत. आणि पहिल्या डब्याच्या वेळी केलीतच की सही! तेव्हा नाही काही सुचलं?”

हे बरोबर वर्मी लागलं. बाईंनी सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्टँडवर ठेवलं.

“नाही सुचलं,” त्या म्हणाल्या. “न बघता केली. माझी नणंद त्यात पडली. आता बघून करायची तर हळू चालणारा माणूस मोजून दाखवा, लगेच करते.”

“त्याला वर्ष लागेल.”

“मग वर्षानं या.”

प्रमुखांनी खोलीभर नजर फिरवली. “भांडारात एक जागा रिकामी आहे,” ते म्हणाले. “तिथं तुम्हाला शांतता मिळेल.”

“कधीपासून जाऊ?” बाईंनी विचारलं. प्रमुख कोरा कागद घेऊन जिना चढले.

सहीविनाच अर्ज नगरपालिकेत गेला, आणि चौघंही बरोबर गेले. बाईंना पालिकेनं बोलावलं होतं, सही का नाही ते विचारायला. पालिकेचा अभियंता जाडजूड, झोपाळू माणूस होता आणि त्याची दाढ दुखत होती. गालाला हात लावून तो बसला होता. नगररचनेच्या गृहस्थांनी चित्रं दाखवली. मॅडमनी चौऱ्याण्णव टक्के सांगितले. नीतीवाले वीस मिनिटं बोलले : शहर म्हणजे काय, नागरिक म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय. अभियंत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अर्जावर बोट ठेवलं.

“चौदावा रकाना रिकामा आहे.”

“ती एक औपचारिक बाब आहे,” प्रमुख म्हणाले.

“असेल. पण रिकामी आहे.”

“तिथं माझी सही चालेल,” मॅडम पुढं झाल्या.

“डबा तुम्ही जोडलात?”

“जोडला नाही, पण—”

“मग नाही चालणार.” अभियंता बाईंकडे वळला. “तुम्ही का नाही केली? लेखी द्या. थोडक्यात. माझी दाढ ठणकतेय.”

बाईंनी तिथंच टेबलाशी वाकून दोन ओळी लिहिल्या : ‘हळू चालणाऱ्या माणसाला हा डबा वस्तू समजतो. अकरा दिवसांची मोजणी सोबत जोडली आहे.’ अभियंत्यानं मोजणी उघडलीसुद्धा नाही. ‘अपूर्ण’ असा शिक्का मारला, आणि चौकातला डबा तर अर्जाविनाच, नुसत्या चाचणीच्या कागदावर लागला होता असं लक्षात आल्यावर तो उतरवायचा आदेश काढला. झोपाळू, दाढदुख्या, कशाचंही सोयरसुतक नसलेला माणूस. एरवी बाईंनी त्याची एका नजरेत विल्हेवाट लावली असती. त्या दिवशी त्यांनी त्याला लवंग चघळायला सांगितलं.

चौकात जुना, अठ्ठावीस सेकंदांचा सिग्नल परत आला. बाई भांडारात गेल्या. तिथं खिडकी नव्हती आणि मोजायला स्क्रू होते.

आठ महिन्यांनी चौघांचा नवा शोधनिबंध आला : ‘न दिसणारे पादचारी’. डबा कुठं चुकला, तंत्रज्ञान दुबळ्यांना कसं वगळतं, यावर साठ पानं. त्यात अकरा दिवसांची मोजणी जशीच्या तशी होती. एका पानावर तर बाईंच्या वहीचा फोटो, त्यांच्या अक्षरासकट. निबंधाला मोठा पुरस्कार मिळाला. चुकीचं काम केल्याबद्दल टाळ्या, आणि ते चुकलं हे सांगितल्याबद्दल आणखी टाळ्या. एकाच डब्यावर दोनदा जेवले, असं बाई म्हणाल्या.

सत्काराचं आमंत्रण भांडारातही आलं. बाई जाणार नव्हत्या. नणंद म्हणाली, “मी जाणार. माझ्यावर लिहिलंय, मी ऐकायला नको?” शेवटी दोघी गेल्या. दाराच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना एवढा वेळ लागला की आत प्रास्ताविक संपलं होतं. नीतीवाले बोलत होते. आपण चौकात उभं राहून दुबळ्यांच्या पावलांचा आवाज कसा ऐकला, ते सांगताना त्यांनी छातीवर हात ठेवला. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, कुणाला काही विचारायचंय का असं कुणीतरी औपचारिकपणे म्हटलं.

नणंदेनं माइक घेतला नाही. चौतीस वर्षं खरखरत्या तारांवरून शेकडो मैलांवर पोचवलेला आवाज होता तो.

“चौकात उभं राहून मोजलं कुणी?”

“आमच्या संशोधन पथकानं,” नीतीवाले हसून म्हणाले.

“पथकाला नाव असेल ना?”

“हे सामूहिक काम असतं, आजी.”

“आजी म्हणू नका. वहीचा फोटो छापलाय, ते अक्षर कुणाचं?”

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. नीतीवाल्यांनी प्रमुखांकडे पाहिलं, प्रमुखांनी मॅडमकडे, मॅडमनी मोबाइलकडे.

“आमच्या एका... तंत्रज्ञांचं,” नीतीवाले शेवटी म्हणाले.

“त्या भांडारात स्क्रू मोजतायत,” नणंद म्हणाली. “सही केली नाही म्हणून. हेही साठ पानांत कुठंतरी घाला.”

नंतर चहा होता. नीतीवाले हात जोडून दोघींपाशी आले आणि म्हणाले की, हा संवाद पुढं न्यायला हवा. नणंदेनं त्यांना आपला रिकामा कप धरायला दिला आणि वॉकर वळवला.

बाईंना जिन्याखालच्या खोलीत परत बोलावलं नाही. उरलेली अडीच वर्षं त्यांनी भांडारातच काढली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. प्राध्यापकांविषयीचं त्यांचं मत बदललं नाही. उलट आता त्याला पुरावा होता. फक्त स्वतःच्या नजरेवर त्यांचा पूर्वीसारखा भरवसा राहिला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

नणंदेचं मनगट वाकडं जुळलं. डाव्या हातानं तिला बटणं लावता येईनात. रोज सकाळी बाई तिच्या स्वेटरची पाच बटणं लावून देत.

“खालून सुरुवात कर. वरून केलंस की शेवटी एक उरतं,” नणंद म्हणे.

“गप्प उभ्या राहा हो वन्सं, हलू नका,” बाई म्हणत, आणि खालून सुरुवात करत.